वळणावरचा चोथा

काढ्याचा चोथा आमच्याकडे कचऱ्यात टाकत नाहीत. रस्त्यावर टाकतात, मधोमध, वर्दळीच्या जागी. येणारा-जाणारा त्याच्यावर पाय देतो आणि घरातलं दुखणं त्याच्या तळव्याला लागून निघून जातं. कुठे जातं, ते विचारायचं नसतं. दक्षिण चीनमधल्या आमच्या ग्वांगजौच्या पोराला रस्त्यात काळपट मुळ्यांचा ओला ढीग दिसला की वळसा घालावा, हे कुणी शिकवावं लागत नाही. मी तर त्यात पटाईत. सुटलेल्या बसमागे धावतानासुद्धा मी चोथा चुकवलेला आहे. बसही चुकली, पण ती गोष्ट वेगळी.

माझं नाव चुंग. अर्थ हुशार. नाव ठेवताना मी तान्हा होतो, त्यामुळे ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी घरी बसून ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देतो, म्हणजे मोबाईलवर दिवसभर माफी मागतो. गादी उशिरा पोचली, गादीला वास येतो, गादीत उंदीर निघाला, सगळ्यांना एकच वाक्य: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आई म्हणते, हे मी झोपेतही बडबडतो. घरात आम्ही दोघंच. बाबा दुसऱ्या गावी दुसऱ्या बायकोबरोबर राहतात. या गोष्टीत तरी त्यांचा काही दोष नाही.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. डॉक्टर शिऊ वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील, पण त्यांच्यापुढे आई गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी बसते. त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर वैद्य पून बसतात. ते आधी जीभ बघतात, मग नाडी, मग खिडकीबाहेर.

"पूनसरांचा काढा घ्या," डॉक्टर शिऊ म्हणाल्या. "पण काढ्याने गाठ जात नाही, ते काम आमचं. मळमळ कमी व्हावी, चार घास जावेत, केमो झेपावी, एवढ्यासाठीच काढा. पुडीत काय काय आहे ते दर वेळी मला दाखवायचं. पुडीबाहेरचं काही घालायचं नाही. शेजारणीने दिलेलं तर मुळीच नाही."

आईने जमिनीकडे बघत पर्समधून एक कागदी पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली. संत्र्याची सुकी साल. शेजारच्या क्वान काकूंनी दिलेली, त्यांच्या माहेरची, बरणीत वर्षानुवर्षं मुरून काळी पडलेली. डॉक्टर शिऊंनी ती तशीच खाली पाठवली. वैद्य पून यांच्या यादीत साल होतीच. त्यांनी क्वान काकूंची साल हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा हीच चांगली आहे. माझी काढून टाका, ही घाला." डॉक्टर शिऊंनी मान डोलावली. आई घरी येईपर्यंत अशी चालत होती, जणू साल तिच्याच माहेरची होती.

हॉस्पिटलात काढा उकळून देणारं यंत्र आहे. गरम पाण्यात बुडवायची पाकिटं देतात, कापून प्यायची. मला ते फार पटलं होतं. आईला नाही.

"त्यात चोथा कुठे मिळतो?"

"नाहीच मिळत. तेच तर चांगलं."

"मग टाकायचं काय?"

म्हणून घरी मातीचं भांडं आलं आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मुळ्या, ज्येष्ठमध, सुकी लाल बोरं आणि क्वान काकूंची साल भिजत घालायची, मंद आचेवर उकळायची, गाळायची आणि आईच्या नाकाखाली धरून उभं राहायचं. एका हाताने मी माफी मागत असायचो आणि दुसऱ्या हाताने भांडं ढवळायचो. काढा कडू होता. पण केमोनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई भाताची पेज मागायची, आणि पेज मागितली की मी काढ्याला नावं ठेवणं बंद करायचो.

चोथा टाकायला पहिल्यांदा निघालो तेव्हा आईने दारात थांबवलं.

"ओळखीच्या माणसाच्या वाटेत टाकू नकोस. म्हातारी माणसं नकोत. पोटुशी बाई नको. शाळेतली मुलं नकोत."

"मग उरलं कोण?"

"धट्टीकट्टी माणसं असतात की. व्यायामाला जाणारी."

"म्हणजे जिमच्या दारात टाकू?"

मी थट्टा करत होतो. आई विचारात पडली. "तिथे रखवालदार असतो का रे?"

शेवटी मोठ्या रस्त्यावरचा चौक ठरला. बस थांबते, अनोळखी माणसं उतरतात आणि परत कधी दिसत नाहीत. काही दिवस मी इमानाने चौकात गेलो. मग नारिंगी जाकिटातल्या सफाईवाल्या बाईंनी मला पकडलं आणि झाडू माझ्या छातीला लावून म्हणाल्या, "परत टाकलास तर हाच उचलून खायला लावीन." मी दिलगिरी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, "हे काय मोबाईलसारखं बोलतोस?"

त्यानंतर मी चौकात गेलो नाही. आमची गल्ली जिथे वळते तिथे, फरशीवर, चोथा उपडा करू लागलो. यात आळस नव्हता, असं माझं तेव्हाचं म्हणणं. वळणावरून दिवसभर जेवण पोचवणाऱ्यांच्या स्कूटरी जातात. त्या निम्मं शहर पालथं घालतात. आईचं दुखणं त्यांच्या चाकांना लागून इतकं पातळ पसरेल की ज्याच्या वाट्याला येईल त्याला फार तर एखादी शिंक येईल. मला ही वाटणी फार न्याय्य वाटली. आईला सांगितलं नाही. तिला वाटत होतं, चौकच.

क्वान काकू रोज सकाळी त्याच वळणावरून बाजारात जातात, हे मला माहीत होतं. मला वाटलं, त्या बघून चालतील. सगळेच बघून चालतात.

मंगळवारी दुपारी क्वान काकू कमळकाकडीचं सूप घेऊन आल्या. काकूंची लेक लग्न होऊन परदेशात गेली, तेव्हापासून त्या दोन माणसांचं सूप करतात आणि एका माणसाचं आमच्याकडे आणतात. आईच्या टोपीकडे बघून म्हणाल्या, "ही काढ गं, मासे विकणारी दिसतेस."

"तू डोकं न झाकताही दिसतेस," आई म्हणाली.

मी पलीकडे माफी मागत बसलो होतो. जरा वेळाने काकूंचा आवाज खाली आला.

"लिन, माझ्याही छातीत काहीतरी हाताला लागतंय. उजवीकडे."

आईच्या हातातला चमचा वाटीच्या काठावर थांबला. मी इकडे एका ग्राहकाला तेच वाक्य सलग दोनदा पाठवलं.

"दाखवलंस कुणाला?"

"तुला सांगतेय ना आता," काकू म्हणाल्या आणि उठल्या. दारात चपला घालताना एक पालथी झाली, ती सरळ करायला आई वाकली. तळाला एका लाल बोराची साल चिकटलेली होती. तिला लागून काळ्या संत्र्याच्या सालीचा तुकडा.

आईने चप्पल सरळ करून ठेवली. काकू गेल्या. आईने दार लावलं, अगदी हळू.

"चोथा कुठे टाकत होतास?"

"चौकात."

"चुंग."

"वळणावर."

आईने मला मारलं नाही, हे वाईट झालं. ती स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि खुर्चीत बसली.

"गुरुवारी मी जाणार नाही."

गुरुवारी केमो होती. "म्हणजे?"

"माझ्यातून जे निघतंय ते तिच्यात जातंय. मी बरी होत जाणार आणि ती? आता काढा नको, हॉस्पिटल नको, काही नको. माझं आहे ते माझ्याकडेच राहू दे."

"आई, कॅन्सर चपलेला चिकटत नाही."

"मग तू टाकायला का जात होतास?"

"तू सांगितलंस म्हणून."

"कारलं खा, हेही मी सांगते. खातोस?"

खरं उत्तर वेगळंच होतं. आईचे केस पहिल्यांदा उशीवर झुपक्याने पडले, त्या दिवशी मी चोथा ओतून लगेच घरी आलो नव्हतो. भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि एक स्कूटर त्याच्यावरून गेल्यावरच हललो. स्कूटरवाल्याने मला हात केला होता. मीही त्याला हात केला होता.

आई माझ्याकडे बघत राहिली. "दुसऱ्यांच्या गळ्यात घालायला निघालो होतो आपण," ती म्हणाली. "अनोळखी होते तोवर मलाही काही वाटलं नाही."

मी हॉस्पिटलात फोन लावला. नर्सला म्हणालो, पेशंट गुरुवारी यायला तयार नाही, काय करू. तिने कारण विचारलं. मी म्हणालो, चपलेमुळे. ती म्हणाली, चप्पल इथे मिळेल, पेशंटला घेऊन या, केमोची तारीख अशी पुढे ढकलायची नसते. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं. मी आईला तसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "त्या मुलीला काय माहीत?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

बुधवारी सकाळी मी बादली आणि ब्रश घेऊन वळणावर गेलो. विचार असा होता की फरशी घासून काढायची आणि आईला सांगायचं, बघ, काही उरलं नाही. आई अंथरुणात आहे, असं मी समजत होतो. आई वळणावर होती. टोपी कानापर्यंत ओढलेली, पायात बाबांनी मागे सोडलेल्या मोठ्या चपला. सोमवारचा सुकलेला चोथा ती तुडवत होती, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे.

"काय करतेयस?"

"पायाला लावून परत घरी नेतेय."

"अगं, तू आधीच आजारी आहेस. तुझ्याकडे जागा कुठे उरलीय?" मी पुढे सरसावलो. "सरक. मी तुडवतो. टाकला मी, माझ्याच अंगाला लागू दे."

"खबरदार पाय ठेवलास तर. परवा टाकताना अक्कल नव्हती, आज मरायला आलीय?"

मी पाय ठेवला. आईने मला ढकललं. ज्या बाईला काल नळ फिरवायला ताकद नव्हती, तिने मला ढकललं आणि मी भिंतीवर गेलो. परत आलो. तिने माझी बाही धरली, मी तिचा दंड. दोघं एकमेकांना ढकलत चोथ्यावर नाचत होतो. मागे एक स्कूटरवाला जेवणाच्या पिशव्या घेऊन थांबला होता.

"मावशी, तुमचा डान्स संपला की सांगा. नूडल्स फुगतायत."

त्याच्या मागून क्वान काकू आल्या. एका हातात पालेभाजी, दुसऱ्या हातातल्या पिशवीत जिवंत मासा. मासा पिशवीत उड्या मारत होता. काकू उभ्या राहिल्या आणि आमच्या पायांकडे बघत राहिल्या.

"लिन, काय चाललंय?"

आईने माझी बाही सोडली. ती माझ्याकडे बघू लागली. म्हणजे बोलायचं मलाच होतं. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं:

"काकू, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

कुणी हसलं नाही. स्कूटरवाल्यानेसुद्धा मान खाली घातली. हेच वाक्य मी गादीत उंदीर निघालेल्या बाईंनाही पाठवलं होतं. माझ्याकडे दुसरं नव्हतंच.

मग आईच बोलली. चोथा आमचा, चौकात टाकायचा होता, याने इथे टाकला, तू तुडवलास, तुझ्या चपलेला मी बघितला. आणि आता तुझी गाठ. एका दमात सगळं. शेवटी म्हणाली, "मी तुला दिलं ते, क्वान."

क्वान काकूंनी भाजी स्कूटरवाल्याच्या हातात दिली. त्याने मुकाट्याने धरली.

"चोथा तुमचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या माहेरची साल मला ओळखू येणार नाही?"

"मग वळसा घालायचास ना."

"का घालू? मुद्दाम तुडवत होते. जाताना आणि येताना. कुणी तुडवायला नको? लोक बघावं तर सगळे कडेकडेने. हा एक बिचारा तेवढा वरून जातो."

"मी?" स्कूटरवाला म्हणाला.

"तू गप. भाजी नीट धर." मग काकू आईकडे वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज अडखळला. "आणि गाठ चोथ्याने आलेली नाही. गाठ नववर्षापासून आहे. सणाला लेक आली नाही, त्या दिवशी आंघोळ करताना लागली हाताला. तुझी निघायच्या आधीची. म्हटलं, माझ्याकडे आहेच एक. तुझी तुडवली तर असं काय वजन वाढणार आहे?"

मला इथे जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण ते झालं. मला आनंद झाला. गाठ आधीचीच होती. मी दिली नव्हती. खांद्यावरून पोतं उतरावं तसं झालं, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्यासमोर एक बाई मासा हातात धरून तिला कॅन्सर असेल असं सांगते आहे, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो आहे. पोतं परत खांद्यावर आलं. या वेळी ते माझं स्वतःचं होतं.

आईला आनंद झाला नाही. ती लालबुंद झाली.

"नववर्षापासून? तू नववर्षापासून गाठ घेऊन फिरतेयस? माझ्या ऑपरेशनला बाहेर बसलीस, माझ्याबरोबर माहजाँग खेळलीस, मला जिंकू दिलंस—"

"जिंकू नाही दिलं. तू लबाडी करतेस."

"—आणि तोंडातून अवाक्षर नाही?"

"पून वैद्यांना दाखवली होती. म्हटलं, तेवढा काढा द्या, कापाकापी नको. ते म्हणाले, आधी वरच्या मजल्यावर जा, तपासणी कर, मग माझ्याकडे ये. मी परत गेलेच नाही."

"डॉक्टर शिऊंनी मलाही हेच सांगितलंय. काढा गाठीसाठी नसतोच. हॉस्पिटल झेपावं म्हणून असतो. हॉस्पिटलच नाही तर काय झेपवणार आहेस, डोंबल?"

"हो का?" काकू म्हणाल्या. "आणि तू? सगळ्या गल्लीला ऐकू गेलंय, गुरुवारी जाणार नाहीस म्हणे."

मासा पिशवीत एकदा आपटला.

"ते मी तुझ्यासाठी," आई म्हणाली.

"माझ्यासाठी कशाला मरतेस? मी सांगितलं होतं?"

"तुला तुडवायला मी सांगितलं होतं?"

स्कूटरवाल्याने हळूच माझ्या हातात भाजी दिली, चोथ्याकडे बघितलं, स्कूटर वळवली आणि उलट दिशेने, लांबच्या रस्त्याने निघून गेला. ते नूडल्स कुणाचे होते, मला माहीत नाही. त्यांची मी मनात माफी मागितली.

"तू येणार असशील तर मी जाईन," आई शेवटी म्हणाली.

"तू सुई लावून घेतलीस तर मी आत जाईन."

"आधी तू."

"आधी तुझी वेळ आहे. मला तर नंबरही लावायचाय."

"तो चुंग लावेल," आई म्हणाली. "त्याला कामच काय आहे? माफी मागतो, रांगेतही मागेल."

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. आई टोपी घालून, काकू सणाच्या कपड्यांत, मी नव्या पांढऱ्या बुटांत, कारण जुने मी स्वतः वळणावर खराब केले होते. आईच्या पिशवीत काढ्याची पुडी होती, डॉक्टर शिऊंना दाखवायला. काकूंच्या पिशवीत काय होतं ते त्या सांगत नव्हत्या, पण पोटाशी धरलेल्या त्या पिशवीला जुन्या सालीचा वास येत होता. मेट्रोत आईने त्यांचा हात धरला होता आणि सारखी विचारत होती, "पळून तर जाणार नाहीस?" दर वेळी काकू म्हणायच्या, "दार बंद आहे, कशी पळू?"

हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, बरोबर वाटेच्या मधोमध, कुणीतरी चोथा ओतला होता. ताजा, वाफ निघणारा. बाजूने माणसांची रांगच्या रांग कडेकडेने चालली होती. व्हीलचेअर ढकलणाराही एका चाकाचा तोल सांभाळत वळसा घालत होता.

माझे पाय आपोआप डावीकडे वळले. जन्मभराची सवय. दोन पावलं गेल्यावर कळलं की दोघी मागेच थांबल्या आहेत. ढिगाच्या अलीकडे उभ्या राहून त्या चोथ्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"कुणाचा आहे?" मी विचारलं.

"आपल्याला काय करायचंय," आई म्हणाली. "असेल कुणाची तरी आई."

"बूट नवीन आहेत."

मी परत आलो. मला अजूनही वाटतं की दुखणं चपलेला चिकटत नाही. मला हेही वाटतं की ते चिकटतं. दोन्ही एकदम वाटत असताना मी उजवा पाय उचलला आणि ढिगाच्या मधोमध ठेवला. ऊब बुटातून आत आली. बोरं होती, मुळ्या होत्या, साल मात्र साधीच होती.

आईने काकूंना कोपराने ढोसलं आणि दोघी मला ओलांडून फाटकातून आत शिरल्या. दहा-बारा पावलांवर क्वान काकू थांबल्या. मला वाटलं, पळतात आता. त्यांनी मागे वळून माझ्या बुटाकडे नीट बघितलं.

"टाच राहिली," त्या म्हणाल्या.

मी टाच टेकवली.